माशाचे ओठ

पलीकडच्या घरातल्या उम्म सालिमने काल रुतबाची पहिली ताटली पाठवली. रुतब म्हणजे झाडावरच अर्धवट पिकलेला खजूर. एका बाजूने पिवळा, करकरीत, आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी, इतका मऊ की बोट लागलं तरी साल सुटते. ओमानातल्या या सूर गावात उन्हाळा आला हे मी या ताटलीवरून ओळखते. खजूर पाहून इतरांना काय आठवत असेल ते असो, मला माशांचे ओठ आठवतात.

हे मी एकदा आमच्या इराला सांगितलं. इरा आमची मुलगी, इथल्याच इंडियन स्कूलमध्ये अकरावीला. तिने कपाळाला हात लावला. "आई, प्लीज, हे कोणाला सांगू नकोस हं. इट्स सो वीअर्ड." मग ताटलीतला सगळ्यात मऊ खजूर उचलून ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार का लावलं, कोणाशी बोलायचं होतं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच.

संशय हा आमच्या माहेरचा धंदा. माझी आई हर्णैच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि दापोलीच्या बाजारात नेऊन विकायची. मासा हातात आला की ती आधी हुंगायची, मग कल्ला उचलून बघायची, मग पोटावर बोट दाबायची, आणि या सगळ्यात समोरचा विकणारा काय बोलतोय त्याकडे तिचं अजिबात लक्ष नसायचं. "तो बोलणारच. तू मासा बघ," असं मला म्हणायची. जाळ्यातल्या माशाच्या कल्ल्यामागचे खवले उडालेले असतात आणि गळाला लागलेल्या माशाचा ओठ फाटलेला असतो, हे मी तिच्याकडून शिकले. ओमानात आल्यावर त्यात आणखी एक भर पडली. इथले लोक तारेचे घुमटासारखे मोठे पिंजरे समुद्राच्या तळाशी सोडतात, त्यांना गरगूर म्हणतात. त्यात सापडलेला मासा बाहेर पडण्यासाठी तारेवर नाक घासत राहतो, म्हणून त्याच्या नाकाची साल गेलेली असते. एवढं सगळं शिकून मी शाळेत तिसरीच्या मुलांना गणित शिकवते.

इथल्या शाळांना जून-जुलैत सुट्टी असते, आणि सुट्टीत घरी बसलेल्या बाईला दुसरं काम नसतं. बाहेर पाऊल टाकवत नाही. खिडक्यांना चंदेरी कागद लावलेला, एसी दिवसभर कण्हत असतो. गच्चीवरची पाण्याची टाकी इतकी तापते की गार नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. मग आम्ही सगळेच गीझर बंद ठेवतो आणि त्याच्या टाकीत घरातल्या थंडाव्याने निवलेलं पाणी वापरतो. म्हणजे गरम नळातून गार पाणी आणि गार नळातून गरम. अशा गावात राहून माणसाने कशावर सरळ विश्वास ठेवायचा, सांगा. मी तर चमचा चाटून बघितल्याशिवाय साखरसुद्धा साखर मानत नाही.

अनंत, माझा नवरा, गावाबाहेरच्या प्लांटवर एका कंत्राटदाराकडे क्रेन चालवायचा. त्याला मासे गरवायचं वेड मोरीसानांनी लावलं. मोरीसान हे त्या प्लांटवर आलेले जपानी इंजिनियर, साठीला टेकलेले, बुटके, नेहमी गळ्यात पांढरा टॉवेल. त्यांच्या गावाकडे म्हणे उन्हाळ्यात माणसं समुद्रातल्या खडकांवर बसतात आणि गळाच्या दोरीला तरंगणारं बूच लावून मासे धरतात. मी म्हटलं, त्यात काय, आमच्या कोकणातही धरतात. पण मोरीसानांचं सगळंच वेगळं. न घसरणारे खास बूट, लांब दांड्याचा पळा, आणि बादलीत पावाचा चुरा, ठेचलेली तारली आणि बारीक कोलंबी कालवून केलेला चारा. पळ्याने चारा लांब फेकायचा आणि त्याच्याच मध्ये गळ आणि नारिंगी टोकाचं बूच सोडायचं. पाण्याच्या ओढीबरोबर चारा आणि गळ एकाच चालीने वाहत गेले पाहिजेत, वेगळे झाले की माशाला संशय येतो. इथल्या खडकांत काळुंदर असते. मोरीसान म्हणायचे की समुद्रात तिच्याइतका संशयी मासा नाही. तेव्हापासून मला ती घरातलीच वाटते.

त्या काळात घरी येणाऱ्या काळुंदरीचे ओठ फाटलेले असायचे. मी मासा हातात घेतला की अनंत दारात उभा राहून कुठे लागली, कशी लागली, किती ओढलं, हे हात पसरून सांगायचा. मोरीसान आमच्याकडे एकदा जेवायला आले, तेव्हा त्यांनी माझ्या माशाच्या तिखल्याला हात जोडले आणि नाक पुसत तीन वेळा वाढून घेतलं. पुढे त्यांचं इथलं काम संपलं. जाताना ते आपला गळ, पळा आणि ते नारिंगी बूच अनंतला देऊन गेले. "उकी मिते," असं ते त्याला विमानतळावरसुद्धा सांगत होते. उकी म्हणजे बूच. बुचाकडे बघ.

त्यानंतरच्या, म्हणजे गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याची ही गोष्ट.

अनंत दर शुक्रवारी पहाटेच्या नमाजाची बांग झाली की निघायचा आणि ऊन चढेपर्यंत परत यायचा. रिकाम्या हाताने तो कधीच आला नाही, आणि पहिला संशय मला तिथेच यायला हवा होता. एका शुक्रवारी मी काळुंदर सिंकमध्ये धुवायला घेतली. बोट सवयीने ओठांवरून फिरलं. ओठ अगदी शाबूत होता. मग नाक पाहिलं. नाकाची साल गेलेली.

"आज चांगली लागली वाटतं," मी म्हटलं.

"हो तर. नुसता गळ टाकायचा अवकाश होता," अनंत बाहेरच्या खोलीतून म्हणाला. या वेळी तो दारात येऊन उभा राहिला नाही.

आईने शिकवलेलं की बोलायची घाई केली तर समोरचा सावध होतो. मी कालवण केलं, आणि गरगुरातला मासा माझ्या नवऱ्याने गळाला लागलेला म्हणून चवीने खाल्ला. पुढच्या शुक्रवारी तेच. आमिषाच्या डब्यातली कोलंबी नेली तशीच परत आली. "आज पावावर लागत होती," असं उत्तर मिळालं. मला राग माशाचा नव्हता. बाजारातून आणली असं सांगितलं असतं तर मी चार शिव्या घालून विसरले असते.

एकदा डोळा उघडला की सगळंच दिसायला लागतं. फोन वाजला की तो आधी हातभर लांब धरायचा, तिरका करायचा, मग उचलायचा. मी मनात म्हणायचे, माझ्यापासून नाव लपवतोय. संध्याकाळी हॉलमधली ट्यूब बंद करून नुसत्या कोपऱ्यातल्या दिव्यात बसायचा. मी म्हणायचे, तोंड दाखवायची लाज वाटते. इराची मार्कशीट आली तर "तूच वाच, मला ऐकायला आवडतं," म्हणाला. आणि रविवारी, आठवड्याचं काम सुरू व्हायच्या दिवशी, त्याची पाठ दुखायची. याची पाठ लग्नात मला उचलून घेताना दुखली नव्हती, तेव्हा मी काही हलकी नव्हते. तरी कधी कधी रविवारी पाठ अगदी ठणठणीत असायची, आणि हेच मला जास्त खटकायचं. त्यातच प्लांटच्या क्लिनिकमधल्या शाइनी सिस्टरचं नाव त्याच्या तोंडून ओघात आलं, आणि मी तिकडे बघितल्यावर त्याने विषय बदलला. झालं. माझ्या डोक्यात सगळा हिशोब जुळला.

इराला मी थोडंसं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आई, तू ना, डिटेक्टिव्ह नको होऊस. बाबांना जस्ट थोडी स्पेस दे ना." स्पेस द्यायला मी एवढं मोठं वाळवंट दिलंय, अजून किती देऊ, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

शेवटी मी कादिरभाईंना गाठलं. कादिरभाई रत्नागिरीचे, सूरच्या मासळी बाजारातून दुकानांना पिकअपने मासळी पोचवतात, आणि अनंतचे इथल्या पहिल्या दिवसापासूनचे दोस्त. गाडी आमच्या गल्लीत थांबली होती. मी सरळ विचारलं की आमच्या घरची काळुंदर तुमच्या गाडीतून येते ना. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली.

"वहिनी, मना काय इचारू नका. दोस्ताची गोष्ट हाय. तुमी एक दिस त्याच्या संगती जावा, इन्शाल्ला समजंल." मग गाडीत चढता चढता म्हणाले, "पर भांडू नका त्याच्याशी. यल्ला, मासळी उन्हात हाय माजी."

भांडू नका म्हटल्यावर तर माझी खात्रीच पटली. त्या शुक्रवारी मी बांगेच्या आधी उठले, चहाचा थर्मास भरला आणि गाडीत जाऊन बसले. अनंत आला, मला पाहून जरासा थांबला. "तू?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "का, माझी जागा दुसऱ्या कोणाला दिली आहेस का?" तो हसला नाही.

कल्हात गावाच्या अलीकडे रस्ता सोडला की दगडगोट्यांतून गाडी जाते आणि मग एकदम समुद्र येतो. खडक तांबूस, भोकाभोकांचे, तळव्याला टोचणारे. खेकडे आमच्या चाहुलीने भेगांत शिरले. हवा ओल्या कपड्यासारखी अंगाला चिकटत होती, माझा चष्मा गाडीतून उतरताच धुक्याने भरला आणि मी तो पदराने पुसत राहिले. चाऱ्याच्या बादलीचा वास मात्र मला बरा वाटला. आईच्या पाटीचा वास तो. बाई कुठेच नव्हती. दुसरी गाडी नव्हती, चपलांच्या खुणा नव्हत्या. मी खडकाच्या मागे जाऊन बघूनसुद्धा आले.

सूर्य इथे समुद्रातूनच वर येतो. अनंत बसला तो नेमका त्याच्या समोर. शेजारीच एक कडा होता, त्याच्या सावलीत खोल, हिरवं पाणी होतं, काळुंदर असलीच तर तिथे असणार हे मलाही कळत होतं. तरी हा माणूस चकाकत्या पाण्याकडे तोंड करून बसला. मी का म्हणून विचारलं नाही. त्याने पळ्याने चारा फेकला, आज माझ्या देखत गळाला कोलंबी टोचली, चाचपत, बराच वेळ लावून, आणि बूच सोडलं. नारिंगी टोक चाऱ्याबरोबर हळूहळू वाहू लागलं. थर्मासचं झाकण उघडायला मी मान खाली घातली होती, ती वर केली तेव्हा बूच किंचित कलत होतं. मग ते सरकन खाली गेलं आणि वर पाणी मिटलं.

अनंत तिकडेच बघत होता. हात गळावर, चेहरा पाण्याकडे. त्याने ओढलं नाही. मी थांबले. बूच पाण्याखाली इकडून तिकडे फिरलं असावं, दोरी जराशी ताणली गेली, मग सैल पडली, आणि ते टोक टुपकन वर आलं. कोलंबी खाऊन मासा गेला होता.

"आज शांत आहे," मी म्हटलं.

"हो ना," अनंत म्हणाला. "अजून हललंसुद्धा नाही."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. खडक तापायला लागला होता. "अनंत, बूच कुठे आहे, दाखव."

त्याने लगेच बोट दाखवलं. मी त्या बोटाच्या रोखाने पाहिलं. तिथे नुसतं ऊन होतं. बूच तिथून बरंच डावीकडे, आमच्या पायांच्या जवळ आलं होतं. त्याचं बोट हवेत तसंच राहिलं, आणि मी काहीच बोलले नाही तेव्हा हळूहळू खाली आलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रमजानच्या आधीपासून. मधोमध एक डाग येतो. कडेकडेने दिसतं. सावलीत बरं असतं, उन्हात जातं." मग म्हणाला, "शाइनी सिस्टरने साखर तपासली तेव्हाच बोलली होती, डोळे दाखवा. दाखवले की कागदावर येतं, वैशू. कागदावर आलं की मेडिकल अनफिट. खलास. इराची बारावीसुद्धा होणार नाही इथे."

"मग दर शुक्रवारी इथे काय करतोस?"

"बघतो." त्याने गळ खाली ठेवला. "गळाला आमिषसुद्धा लावत नाही. नुसतं बूच सोडतो आणि बघतो. ऊन समोर असताना दिसलं, तर रविवारी केबिनमध्ये चढतो. नाही दिसलं, तर पाठ दुखते म्हणून सांगतो."

खरं सांगायचं तर आधी मला हायसंच वाटलं. बाई नव्हती. ते हायसं वाटणं फार टिकलं नाही. क्रेनच्या खाली हाताने इशारे करणारा एक माणूस उभा असतो, हे अनंतनेच मला कितीदा सांगितलं होतं. त्याच्या डोक्यावर लोखंडाचं ओझं लोंबकळत असतं आणि तो विश्वासाने वर बघत असतो. आणि वर केबिनमध्ये बसलेला माझा नवरा एका बुचाला विचारून चढलेला असतो.

"आणि दिसलं असं वाटलं, पण दिसलंच नव्हतं, असं झालं तर?" मी विचारलं. "आत्ता झालं तसं. ते बुडालं होतं, अनंत. पूर्ण बुडालं होतं."

तो पाण्याकडे बघत राहिला. बघत राहिला म्हणजे काय, तेही आता मला ठाऊक नव्हतं. त्याच्या नाकावरून घाम ओघळत होता. "मला वाटलं, आज दिसतंय," तो म्हणाला, आणि मग दोन्ही तळहातांनी त्याने तोंड झाकून घेतलं. लग्नानंतर मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि मी त्याची पाठ चोळत होते, जी कधीच दुखत नव्हती.

मग मला आठवलं की पहाटे काळोखात, टँकर धावणाऱ्या रस्त्यावरून, गाडी यानेच चालवत आणली होती. मी त्याच्यापुढे हात केला. त्याने किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे.

त्या रविवारी गाडी मी नेली. गेटपाशी त्याला उतरवलं आणि समोरच्या टपरीच्या सावलीत थांबून राहिले. तो आत जाऊन खरंच सांगेल की पाठ दुखते म्हणेल, याची मला खात्री नव्हती, पण त्याच्या मागे आत जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. एसी पूर्ण सोडूनही मला घाम फुटत होता. खूप वेळाने तो बाहेर आला. हेल्मेट डोक्यावर नव्हतं, हातात होतं. गाडीत बसून त्याने पट्टा लावला आणि म्हणाला, "सांगितलं."

मस्कतला बौशरच्या दवाखान्यात डोळ्यांत इंजेक्शनं झाली, लेझर झालं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. गेलंय ते परत येणार नाही, आहे ते सांभाळू. कंपनीने त्याला क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं, पगार कमी केला. हे किती दिवस चालणार ते कोणी सांगत नाही. व्हिसा रिन्यू करायचा विषय काढला की ऑफिसातला माणूस इन्शाल्ला म्हणतो, आणि तो कुठल्या सुरात म्हणाला हे अनंतकडून तीन-तीनदा म्हणवून घेऊन मी आठवडाभर तर्क करत बसते. कंपनीची गाडी गल्लीत दिसली तरी ती निघून जाईपर्यंत मी दाराशी उभी राहते. इराने कॉलेजं शोधताना पुण्याचंही एक नाव लिहून ठेवलंय, आम्हाला न सांगता. म्हणजे तिचाही विश्वास नाही.

आणि घरात आता संशय दोन्ही बाजूंनी चालतो. "दिसतं गं व्यवस्थित," असं तो म्हणाला की मी मिठाची बरणी गुपचूप साखरेच्या जागी ठेवते. तो चहात चमचा घालायच्या आधी थांबतो आणि म्हणतो, "वैशू, बरणी हलवलीस ना?" कशी कळली, वासाने की नजरेने, हे तो सांगत नाही. औषधाच्या वेळी मी समोर उभी राहून घोट गिळलेला बघते. तो मला मुकादम म्हणतो.

शुक्रवारी आम्ही अजूनही जातो. हे माझंच म्हणणं. बुचाने त्याला इतके दिवस फसवलं, आता त्याने दोन मासे तरी दिले पाहिजेत. गाडी मी चालवते, बसतो आम्ही कड्याच्या सावलीत, त्या हिरव्या पाण्याशी. चारा तो कालवतो, फेकतो, त्याचा हात अजून बरोबर पडतो. गळ त्याच्या हातात आणि बूच माझ्या डोळ्यांत. ते बुडालं की मी "गेलं" म्हणायचं आणि त्याने ओढायचं. यातही भांडण असतंच. "खरंच गेलं का? मागच्या वेळी नुसती लाट होती," तो म्हणतो. मी म्हणते, "मी हर्णैची आहे, लाट मला शिकवू नकोस." तेवढ्यात मासा आमिष खाऊन जातो.

आज सकाळीही तसंच चाललं होतं. उम्म सालिमचे खजूर मी डब्यातून नेले होते, बोटं चिकट झाली होती. पाणी संथ होतं. बूच कलायला लागलं. मागच्या वेळचं बोलणं मला लागलं होतं, म्हणून मी ठरवलं की पूर्ण बुडाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. टोक खाली गेलं, आणि मी "गे" म्हणायच्या आत अनंतने झटका दिला. दोरी ताठ झाली, दांडी वाकली, आणि सावलीतल्या पाण्यातून एक काळुंदर तडफडत वर आली.

मी मासा पाहिलाच नाही, मी अनंतचे डोळे पाहिले. "दिसलं तुला?" मी विचारलं. "अनंत, खरं सांग. दिसलं?"

तो मासा खडकावर धरून गळ सोडवत होता, बोटांनी चाचपत. "नाही," तो म्हणाला. "बूच बुडायला लागलं की तू श्वास धरतेस. नेहमीच धरतेस. आज म्हटलं, बोलायची वाट कशाला बघायची."

परत येताना गाडीत दोनदा माझ्या मनात आलं की हा मला बरं वाटावं म्हणून सांगतोय, किंवा खरंच थोडं दिसलं असेल आणि आशा लावायला नको म्हणून लपवतोय. मी तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीकडे तोंड करून रुतब खात होता आणि बिया रुमालात गोळा करत होता.

घरी आल्यावर मी काळुंदर सिंकमध्ये ठेवली, नळ सोडला. गार नळातून गरम पाणी आलं. अनंत दारात येऊन उभा राहिला, हात पसरून, कुठे लागली, कशी ओढली, हे सगळं मला सांगायला लागला, जणू मी तिथे नव्हतेच. मी ऐकत होते, आणि बोट सवयीने माशाच्या तोंडावरून फिरलं. ओठ फाटलेला होता.